'आलोच' म्हणजे आलो की निघतोय? विमानाच्या इंग्रजीत हा घोळ का चालत नाही

"कुठंयस?"

"आलोच!"

मराठी माणसाला या 'आलोच'चा खरा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बोलणारा अजून घरातच चप्पल शोधत असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पक्कं माहीत असतं. फार तर चहा गार होतो, बाकी कुणाचं काही बिघडत नाही.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरिफ बेटावर एका वाक्याचे असेच दोन अर्थ निघाले.

लॉस रोदेओस नावाच्या छोट्या विमानतळावर त्या दिवशी दाट धुकं होतं. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएम कंपनीचं बोईंग ७४७ उड्डाणासाठी उभं होतं आणि त्याच धावपट्टीवर पुढं पॅन ॲमचं दुसरं बोईंग ७४७ हळूहळू सरकत होतं. धुक्यामुळे ना वैमानिकांना एकमेकांची विमानं दिसत होती, ना नियंत्रकाला दोन्ही. अशा वेळी केएलएमच्या सहवैमानिकानं रेडिओवर सांगितलं, "वी आर नाउ ॲट टेकऑफ."

नियंत्रकाला वाटलं, विमान टेकऑफच्या जागेवर उभं आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. नियंत्रक आधी "ओके" म्हणाला, मग क्षणभर थांबून "थांबा, मी सांगतो" अशा अर्थाचं बोलला. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमचे वैमानिकही घाईनं सांगत होते की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये बरंचसं बोलणं नुसत्या शिट्टीसारख्या आवाजात बुडालं. काही सेकंदांत टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला आजवरचा सर्वांत मोठा जीवघेणा अपघात हाच.

दोष एकट्या त्या वाक्याचा नव्हता. धुकं होतं, विमानतळावर क्षमतेबाहेर गर्दी होती, घाई होती, आणि केएलएमचा कप्तान परवानगीशिवाय निघाला होता. पण 'ॲट टेकऑफ' हे दोन शब्द जरा नेमके असते, तर नियंत्रक 'ओके' म्हणाला नसता. या अपघातानंतर नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. आजही तेच चालतं.

आता हे सगळं लोह्यात बसून वाचणाऱ्यानं का वाचायचं?

लोहा हे नांदेड-लातूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. एका बाजूला नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी विमानतळ, दुसऱ्या बाजूला लातूरचं. नांदेडहून हैदराबाद, बंगळुरूसारख्या शहरांची विमानसेवा सुरू झाल्यापासून 'विमान' ही फक्त आभाळातली गोष्ट राहिलेली नाही. बारावीचा अभ्यास कसा रेटायचा हे तर 'लातूर पॅटर्न'च्या मुलखाला सांगायला नको. फिजिक्स आणि मॅथ्स इथल्या पोरांना नवीन नाहीत. तरी पायलटचं नाव काढलं की दोन गोष्टी आडव्या येतात. एक पैसा, आणि ती अडचण खरीच आहे, कारण प्रशिक्षणाचा खर्च लाखांत जातो. दुसरी म्हणजे "आपलं इंग्रजी कुठं तेवढं?"

ही दुसरी अडचण बरीचशी गैरसमजावर उभी आहे. गावोगावच्या क्लासच्या पाट्यांवर 'फाडफाड इंग्रजी' विकलं जातं. विमानात मात्र फाडफाड बोलणारा माणूस धोक्याचा मानतात. रेडिओवर बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. आपल्याकडचा क्रिकेट समालोचक यात पहिल्याच फेरीत नापास होईल.

लोहा म्हणजे लिमा ऑस्कर होटेल अल्फा

विमानाच्या इंग्रजीचे दोन थर आहेत. पहिला थर ठरीव शब्दांचा, ज्याला फ्रेजिओलॉजी म्हणतात. हा थर लहान आहे, पाठ करता येतो आणि त्यात प्रत्येक शब्दाला एकच अर्थ असतो.

सुरुवात अक्षरांपासून. खरखरणाऱ्या रेडिओवर बी, डी, पी, टी ही अक्षरं सारखीच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक पूर्ण शब्द दिलेला आहे: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. ही यादी १९५६ पासून जगभर चालते. नांदेड विमानतळाचा आंतरराष्ट्रीय संकेत 'व्हिक्टर अल्फा नोव्हेंबर डेल्टा', लातूरचा 'व्हिक्टर अल्फा लिमा टँगो'. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाच्या क्रमांकाची सुरुवात 'व्हिक्टर टँगो'नं होते. आणि लोहा गावाचं स्पेलिंग कुणाला सांगायचं झालं तर लिमा, ऑस्कर, होटेल, अल्फा.

आकड्यांची गंमत मराठी माणसाला लगेच कळेल. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळ झाला नाही असा मराठी विद्यार्थी सापडणं अवघड. शब्द साठचा, आकडा पाचानं सुरू होणारा. दुकानात असा गोंधळ झाला तर दहा रुपये जातील, पण आकाशात आकडा म्हणजे उंची, दिशा, धावपट्टी. म्हणून दिशा, रेडिओची वारंवारता वगैरे सांगताना प्रत्येक अंक सुटा उच्चारतात. शिवाय उच्चारही मुद्दाम बदललेले आहेत. 'थ्री' नाही, 'ट्री'. 'फाइव्ह' नाही, 'फाइफ'. 'नाइन' नाही, 'नाइनर', कारण आवाजाच्या खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकसारखे वाटतात. 'थाउजंड'चा अधिकृत उच्चारही 'टाउजंड' असाच आहे. इंग्रजीतला तो जीभ दातांमध्ये घेऊन काढायचा 'थ' जगातल्या निम्म्या लोकांना जमत नाही, हे नियम करणाऱ्यांनी आधीच मान्य करून टाकलं. वर्गात 'थ'वरून हसू झालेल्या कुणालाही हे वाचून बरं वाटेल.

एवढी काटेकोर व्यवस्था कशाला, याचं उत्तर १९ फेब्रुवारी १९८९ ला मलेशियात मिळालं. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोईंग ७४७ क्वालालंपूरला उतरत होतं. नियंत्रकाला सांगायचं होतं की २,४०० फुटांपर्यंत खाली या. तो म्हणाला, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." देवनागरीत लिहिलं की घोळ डोळ्यांनाच दिसतो: हा 'टू' म्हणजे दोन की 'पर्यंत'? वैमानिकानं 'पर्यंत' ऐकला आणि उत्तर दिलं, "ओके, फोर झिरो झिरो." म्हणजे ४०० फूट. हे उत्तर नियंत्रकानं दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि चारही कर्मचारी मेले. नियमाप्रमाणे ती उंची 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' अशी सांगायला हवी होती. तेव्हा 'टू'ला दुसरा अर्थ उरतच नाही.

तसंच शब्दांचं. सिनेमामुळे 'रॉजर' म्हणजे 'हो' असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. 'रॉजर' म्हणजे 'तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण ऐकू आलं', एवढंच. पटलं, करतो, परवानगी आहे, यातलं काहीही त्यात नाही. ऐकलं आणि तसंच करतो असं म्हणायचं असेल तर 'विल्को'. 'हो'साठी 'अफर्म', 'नाही'साठी 'निगेटिव्ह'. पूर्ण शब्द 'अफर्मेटिव्ह' का नाही? कारण त्याची आणि 'निगेटिव्ह'ची शेपटी एकच आहे. रेडिओनं पुढचा तुकडा खाल्ला तर हो आणि नाही यांत फरकच उरणार नाही. 'स्टँडबाय' म्हणजे थांबा, मी बोलावतो. ती परवानगी नाही आणि नकारही नाही. सांगितलेलं जमणार नसेल तर 'अनेबल'. त्यात माफी नाही, लाजणं नाही.

या यादीत 'ओके' नाही. टेनेरिफमध्येही तोच शब्द होता, क्वालालंपूरमध्येही तोच.

"समजलं का?" "होऽऽ सर!"

खरी अडचण शब्दसंग्रहाची नाहीच, सवयीची आहे.

गुरुजी विचारतात, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽ!" ज्याला समजलं नाही त्याचा आवाज सगळ्यात मोठा. पुन्हा विचारलं तर हसतील, ही भीती शाळेपासून अंगात मुरते, आणि भाषा इंग्रजी असली की दुप्पट होते. समोरचा भरभर बोलत असेल तर मान डोलवून वेळ मारून नेणं हा आपला ठरलेला मार्ग. मुलाखतीत तो खपून जातो, कॉकपिटमध्ये नाही.

म्हणून विमान वाहतुकीनं 'हो' या शब्दावर विश्वासच ठेवलेला नाही. नियंत्रकानं उंची, दिशा, धावपट्टी किंवा उड्डाणाची परवानगी दिली की वैमानिकानं ते सगळं आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायचं. याला रीडबॅक म्हणतात. आणि ते परत म्हटलेलं बरोबर आहे का, हे नियंत्रकानं कान देऊन तपासायचं. त्याला हिअरबॅक म्हणतात. चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्ती. क्वालालंपूरला रीडबॅक झालं होतं, हिअरबॅक चुकलं. पोस्टात तार लिहून देताना कारकून ती मोठ्यानं वाचून दाखवायचा, असं जुनी माणसं सांगतात. कल्पना तीच. फक्त इथं ती दर मिनिटाला होते.

आणि कळलं नाही तर 'से अगेन'. पुन्हा सांगा. हे दोन शब्द कमीपणाचे नाहीत, ते प्रशिक्षणाचा भाग आहेत.

महाराष्ट्रानंही असा एक अपघात पाहिला आहे. ७ जुलै १९६२ च्या पहाटेआधीच्या अंधारात अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येताना पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. आतले सगळे ९४ जण गेले. चौकशीनं मुख्य दोष दिशादर्शनातल्या चुकीला दिला. मुंबई जवळ आली असं समजून वैमानिक अंधारात, डोंगराळ भागावर, वेळेआधीच खाली उतरला. भाषेला कुणी जबाबदार धरलं नाही. पण शेवटच्या टप्प्यातल्या संभाषणात विमान ३६० अंशांचा फेरा घेणार आहे का, याचीच विचारणा चालली होती आणि वैमानिकांची उत्तरं त्रोटक होती. दोन्ही बाजूंसाठी इंग्रजी परकी होती, हे लक्षात ठेवून ते संभाषण वाचलं की अंगावर काटा येतो.

जिथं भाषेचा दोष चौकशी आयोगानं थेट लिहून ठेवला, तो अपघातही भारतातच झाला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं आकाशात एकमेकांना धडकली. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोईंग ७४७ वर चढत होतं. दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन-७६ खाली येत होतं. सौदीच्या विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५,००० वर. मध्ये हजार फुटांची मोकळी जागा. कझाक विमान ती ओलांडून खाली आलं. ३४९ माणसं मेली. एकही वाचलं नाही.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं मूळ कारण सांगितलं ते हेच, नेमून दिलेली उंची सोडून कझाक विमानाचं खाली येणं. त्यामागची कारणं सांगताना आयोगानं कझाक वैमानिकाचं अपुरं इंग्रजी आणि त्यामुळे नियंत्रकाच्या सूचनांचा चुकीचा अर्थ लावणं हे नोंदवलं. कर्मचाऱ्यांमध्ये आपसात ताळमेळ नव्हता, हेही नोंदवलं. त्या विमानात रेडिओवर बोलण्याचं काम वेगळा रेडिओ ऑपरेटर करत होता. म्हणजे नियंत्रकाशी बोलणारा एक आणि विमान हाकणारा दुसरा. मधल्या मध्ये अर्थ गळायला एवढी फट पुरते.

मग परीक्षेत नेमकं काय बघतात?

चरखी दादरीनंतर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीचा ठराव केला. २००३ मध्ये निकष ठरले. मार्च २००८ पासून ते लागू झाले आणि तयारी नसलेल्या देशांना मार्च २०११ पर्यंत मुभा मिळाली.

निकषांत सहा पातळ्या आहेत. चौथी पातळी म्हणजे कामापुरतं इंग्रजी. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान तेवढी हवीच. तपासायच्या गोष्टीही सहाच: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद साधणं. इथं मार्कांची सरासरी काढत नाहीत. सहापैकी सर्वांत कमी जी पातळी असेल, तीच तुमची पातळी. पाच गोष्टींत सहावी पातळी आणि आकलनात तिसरी असेल, तर हाती तिसरीच. इंग्रजी माध्यमातून शिकलेला, फर्डा बोलणारा पण समोरच्याचं नीट न ऐकणारा उमेदवार इथं अडकतो.

आणि उच्चारांचं काय? चौथ्या पातळीच्या वर्णनातच म्हटलं आहे की उच्चारांवर मातृभाषेचा प्रभाव असू शकतो, फक्त त्यामुळे समजण्यात अडचण कधीमधीच यावी. म्हणजे मराठवाडी वळणाचं इंग्रजी चालतं. कळलं पाहिजे, एवढीच अट. लंडनचा किंवा अमेरिकेचा नकली हेल काढणाऱ्याला त्याचे वेगळे गुण नाहीत. उलट ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाही बजावलेलं आहे की म्हणी-वाक्प्रचार टाळा, सावकाश बोला, समोरच्याला सांभाळून घ्या.

चौथी पातळी कायमची नसते. दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी, अशी शिफारस आहे. पाचवीला सहा वर्षं. सहावीवाल्याला पुन्हा परीक्षा नाही.

पाठांतर संपतं तिथं

आता या चित्राची दुसरी बाजू. ठरीव शब्द पाठ केले की झालं, असं समजणंही महागात पडतं.

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाच्या ॲव्हियांका कंपनीचं बोईंग ७०७ न्यूयॉर्कला पोचलं, पण खराब हवामानामुळे त्याला हवेतच घिरट्या घालायला लावलं. एकूण सव्वा तासाहून जास्त. इंधन संपत आलं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कप्तान स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला म्हणाला, आणीबाणी आहे असं सांग. सहवैमानिकानं रेडिओवर इंग्रजीत सांगितलं ते असं की आम्ही पुन्हा प्रयत्न करतो, आमचं इंधन संपत चाललंय.

बोलला तो खरंच होता. पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही, 'मेडे' म्हटलं नाही. उतरायला येणाऱ्या बहुतेक विमानांचं इंधन कमी झालेलंच असतं, त्यामुळे नियंत्रकाला त्या वाक्यात आणीबाणी ऐकू आली नाही. थोड्याच वेळात इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण मेले.

या अपघाताकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. एका बाजूनं ठरीव शब्दाची ताकद दिसते. 'मेडे' तीनदा म्हटलं असतं तर सगळी रांग बाजूला झाली असती. दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या थराची गरज दिसते, म्हणजे साध्या, सरळ इंग्रजीत आपली अडचण समोरच्याच्या डोक्यात उतरवण्याची. किती मिनिटांचं इंधन उरलंय, काय हवंय, काय चालणार नाही. प्रवाशाच्या छातीत दुखतंय, मागच्या भागातून जळका वास येतोय, चाक फुटल्याचा आवाज आला, या गोष्टींना पाठ केलेलं वाक्य नसतं. तिथं स्वतःचं वाक्य बनवावं लागतं. चौथ्या पातळीची परीक्षा मुख्यतः हे बघते.

मग मराठीत का नाही?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, तर इथंच घेऊ.

आयकाओच्या नियमांत जमिनीवरच्या केंद्राची स्थानिक भाषा चालते. आंतरराष्ट्रीय वाहतूक असेल तिथं इंग्रजी उपलब्ध असायला हवी, एवढंच बंधन आहे. फ्रान्समध्ये फ्रेंच चालतं, लॅटिन अमेरिकेत स्पॅनिश. पण रेडिओची एक खासियत आहे. एका वारंवारतेवरची सगळी विमानं एकमेकांचं बोलणं ऐकत असतात. नियंत्रकानं दुसऱ्याला काय सांगितलं, यावरून वैमानिक आजूबाजूचं चित्र डोक्यात तयार करतो. गावच्या पारावर बसलेल्या माणसाला कुणी काही न सांगता सगळी खबर असते, तसं.

२५ मे २००० च्या रात्री पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर नियंत्रकानं एका फ्रेंच प्रवासी विमानाला फ्रेंचमध्ये उड्डाणाची परवानगी दिली. एका छोट्या ब्रिटिश मालवाहू विमानाशी मात्र तो इंग्रजीत बोलत होता. ब्रिटिश वैमानिकांना फ्रेंच परवानगी कळली नाही, आणि आपण धावपट्टीवर नेमकं कुणाच्या मागं जायचंय हा अंदाज चुकला. धावणाऱ्या विमानाचा पंख त्यांच्या कॉकपिटला लागला आणि सहवैमानिक जागीच गेला. दोन भाषांचा वापर हे त्या अपघाताच्या कारणांत नोंदलं गेलं. तमिळ, पंजाबी, मराठी, बंगाली वैमानिक एकाच आकाशात उडवणाऱ्या भारतात नियंत्रकांचा रेडिओ इंग्रजीत चालतो तो यासाठी. मराठीचा अभिमान खुशाल बाळगा, पण नांदेडच्या आकाशात अहमदाबादचा आणि अमृतसरचा पायलटही कान देऊन बसलेला असतो.

रस्ता कुठून जातो?

व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी वय १८ पूर्ण, डीजीसीएचे लेखी पेपर आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. महाराष्ट्रात गोंदिया, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी प्रशिक्षण संस्था आहेत. यात भाषेशी थेट संबंध असलेली पायरी म्हणजे आरटीआर, विमानाचा रेडिओ वापरण्याचा परवाना. यात उमेदवाराला एक काल्पनिक उड्डाण दिलं जातं आणि समोर परीक्षक नियंत्रक होऊन बसतो. मध्येच इंजिन बिघडल्याचं सांगतो आणि तुम्ही रेडिओवर काय बोलता ते बघतो. वर्षानुवर्षं ही परीक्षा दूरसंचार विभागाकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ नं ती डीजीसीएकडे आणली.

पायलटच व्हायचं असं नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रक भरतीत फिजिक्स-मॅथ्सचे बीएस्सी पदवीधर अर्ज करू शकतात, आणि त्या निवडीत आवाजाची चाचणीही असते.

मेकॅनिक मंडळींचं इंग्रजी तर याहून मजेशीर आहे. विमान दुरुस्तीच्या पुस्तिका 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाच्या आखून दिलेल्या इंग्रजीत लिहितात. १९८६ पासून ही पद्धत आहे. साधारण ९०० मंजूर शब्द आणि त्यात भर म्हणून भागांची, अवजारांची नावं. एका शब्दाला एक अर्थ. 'फॉलो' म्हणजे फक्त 'नंतर येणं'. 'सूचना पाळा' या अर्थानं तो वापरायला बंदी. 'क्लोज' म्हणजे बंद करणं. 'जवळ' म्हणायचं तर 'निअर' लिहा. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत. हे सगळं ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा मेकॅनिकला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नागपूरच्या मिहानमधल्या विमान दुरुस्ती केंद्राची स्वप्नं बघणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

सरावाला मोठी फी लागत नाही. नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्यांच्या नंबर प्लेट वाचा. एमएच २६ म्हणजे 'माइक होटेल टू सिक्स', लातूरची एमएच २४ म्हणजे 'माइक होटेल टू फोवर', कारण 'फोर'चाही उच्चार थोडा ताणून करायचा असतो. आठवड्याभरात जिभेवर बसतं. मग एका मित्रानं दिशा, उंची आणि धावपट्टी अशा तीन गोष्टी एका दमात सांगायच्या, दुसऱ्यानं न लिहिता परत म्हणायच्या, आणि तिसऱ्यानं चूक पकडायची. पहिल्यानं मुद्दाम एखादा आकडा पुटपुटायचा. दुसऱ्यानं अंदाजानं ठोकून दिला तर बाद, 'से अगेन' म्हटलं तर पास. हे फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर आपण किती भरभर बोलतो तेही कळतं.

दुसऱ्या थरासाठी रोज एक प्रसंग घ्या आणि तो कमीत कमी इंग्रजी शब्दांत सांगून बघा. उतरायला आलात आणि खाली बघता तर धावपट्टीवर डुकरं फिरतायत. व्याकरण आठवत बसायला वेळ नाही. विमान पुन्हा वर घेतलंय आणि का घेतलंय, एवढं नियंत्रकाला कळलं पाहिजे. पाच शब्द पुरतात: "गोइंग अराउंड, पिग्ज ऑन रनवे."